वास आला की आधी वारा बघा

प्रश्न : वाळूज एमआयडीसीला लागून रांजणगाव शेणपुंजीत आम्ही पत्र्याच्या खोलीत भाड्यानं राहतो. मागच्या बाजूला शीतगृह आहे. थंडीच्या दिवसांत पहाटे नाकाला झोंबणारा वास येतो, डोळे चुरचुरतात. शेजारी म्हणतात अमोनिया आहे. एखाद्या रात्री मोठी गळती झाली तर लेकरांना घेऊन पळायचं, का दार लावून आत बसायचं? गेटवर विचारायला गेलं तर वॉचमन परत पाठवतो.
— एक भगिनी

उत्तर : ताई, शेजाऱ्यांचं बरोबर असावं. मोठ्या शीतगृहांत आजही गारव्यासाठी अमोनियाच वापरतात. हा वायू अगदी थोडा असला तरी नाकाला कळतो. दहा लाखांत ३०० भाग इतका तो हवेत झाला की जीव धोक्यात येतो, पण त्याच्या कितीतरी आधी डोळे आणि घसा माणसाला तिथं थांबू देत नाहीत. म्हणून वास आला की ‘रोजचंच आहे’ म्हणून कूस बदलू नका. पहाटेच तो जाणवतो, कारण थंडीत जमिनीलगतची हवा गार होऊन पडून राहते. वारा नसला की वायू वर न जाता वस्तीतच रेंगाळतो.

आता पळायचं की बसायचं? ते वाऱ्यावर ठरतं. दोरीवरचं धुणं, देवळावरचा झेंडा, झाडाचा शेंडा कुठं हलतोय ते आधी बघा. वारा कारखान्याकडून तुमच्याकडे येत असेल तर त्याच्या पुढं पुढं धावू नका. वायूही त्याच वाटेनं येणार. वाऱ्याला आडवं, डावीकडे किंवा उजवीकडे निघा. पांढुरकं धुकं दारापर्यंत आलंच असेल किंवा वाट त्याच्यातूनच जात असेल, तर घरात थांबणं बरं. दारं-खिडक्या लावा, फटींत ओली फडकी कोंबा, नाका-तोंडावर ओला रुमाल धरा. अमोनिया पाण्यात झटकन विरघळतो, त्यामुळे ओल्या कापडाचा खरंच उपयोग होतो. आणि कूलर आधी बंद करा. आपल्याकडे उन्हाळ्यात तो रात्रभर चालतो आणि बाहेरचीच हवा ओढून खोलीत भरतो. डोळ्यांत वायू गेला तर चोळू नका, पंधरा मिनिटं तरी स्वच्छ पाण्याची धार सोडा आणि दवाखाना गाठा.

तुमची खोली पत्र्याची आहे, याची मला जास्त काळजी वाटते. पत्रा आणि भिंत यांच्यातली फट फडक्यांनी बुजत नाही. गल्लीत स्लॅबचं घर कुणाचं आहे, रात्री दार वाजवलं तर ते आत घेतील का, हे आजच बोलून ठेवा.

हे सगळं अमोनियापुरतं. पाणी शुद्धीकरणाच्या ठिकाणी क्लोरीनचे टोनर, म्हणजे मोठी लोखंडी सिलिंडरं असतात. एका टोनरमध्ये साधारण ९०० किलो क्लोरीन मावतो. तो हवेपेक्षा अडीच पट जड, नाल्यात आणि सखल भागात साचतो. तिथं वरच्या मजल्यावर जायचं. म्हणजे शेजारी काय साठवलंय हे माहीत नसेल तर चुकीचीच गोष्ट हातून होऊ शकते. भोपाळला १९८४ साली २ डिसेंबरच्या रात्री लोक झोपेतून उठून पळाले. कोणता वायू आहे, कुठं जायचं, हे वस्तीत बहुतेकांना ठाऊकच नव्हतं.

त्यानंतर १९८९ चे नियम आले. धोकादायक रसायनांचा ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त साठा असेल तर आसपासच्या लोकांना धोका काय आणि करायचं काय, हे कारखान्यानं सांगणं बंधनकारक आहे. अमोनियासाठी ती मर्यादा ६० टन. तुमच्या शेजारचं शीतगृह त्याहून लहान असू शकेल, तरी विचारायला हरकत कसली? एकट्यानं गेटवर जाऊ नका. गल्लीतल्या दहा-वीस बाया-माणसांच्या सह्या घेऊन ग्रामपंचायतीमार्फत लेखी विचारा: साठा कशाचा आणि किती, सायरनचा कोणता आवाज गळतीचा, रात्री फोन कुणाला करायचा. एक प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला आणि एक जिल्हाधिकाऱ्यांना द्या. १९९६ च्या नियमांप्रमाणे जिल्ह्याच्या रासायनिक आपत्ती गटाचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात. मोठ्या कारखान्यांत दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल, म्हणजे आपत्तीची रंगीत तालीम करावी लागते. मी सेफ्टी ऑफिसर असताना मला कायम खटकायचं, की ती कुंपणाच्या आतच उरकते आणि बाहेरच्यांना तो सायरन शिफ्टचा भोंगा वाटतो. पुढच्या ड्रिलला आम्हालाही बोलवा, असं अर्जात जरूर लिहा. तोवर मोठा वास आला की ११२ लावा.

प्रश्न : पैठण एमआयडीसीत मी कॉन्ट्रॅक्टवर फिटर आहे. सुपरवायझर म्हणतात, पाइपलाइन रिकामी आहे, फ्लँज (पाइपांचा बोल्टचा जोड) खोल, परमिट (कामाची लेखी परवानगी) मागून बनवू. काय करावं?

उत्तर : भाऊ, खोलू नका. परमिट आधी, पाना मागून. ‘रिकामी’ लाइनमध्ये दोन वॉल्व्हच्या मध्ये द्रव अडकून राहतो, बंद वॉल्व्हही आतून गळत असतो, आणि गेजचं छिद्र चोक झालं तर काटा शून्यच दाखवतो. नुसत्या बंद वॉल्व्हच्या भरवशावर राहू नका. ब्लँक प्लेट (पाइप पूर्ण बंद करणारी भरीव चकती) टाकलीय का, ड्रेन उघडून बघितलाय का, हे विचारा. कारखाना कायद्यातल्या १९८७ च्या दुरुस्तीनं कामगाराला जिवावरचा धोका दिसल्यास तो वरिष्ठांना कळवण्याचा हक्क दिला. ठेकेदाराचा माणूसही त्यात येतो. ऐकलं नाही तर सेफ्टी कमिटीतल्या कामगार प्रतिनिधीला सांगा.

परमिट हातात आल्यावरही फेसशील्ड आणि रबरी हातमोजे घालूनच, वारा पाठीवर घेऊन उभे राहा. आपल्यापासून लांबचा बोल्ट आधी सैल करा, पूर्ण काढू नका. आत काही उरलं असेल तर फवारा पलीकडे उडेल आणि उरलेले बोल्ट लगेच आवळता येतील. सेफ्टी शॉवरला (अंगावर काही उडालं तर धुवायच्या फवाऱ्याला) पाणी येतंय का, हे काम सुरू करण्याआधी स्वतः उघडून बघा.