फ्रिजमध्ये थोड्या थोड्या भाज्या उरल्यात, पटकन काय करता येईल?

पीठ पेरून भाजी करा. ढोबळी मिरची, कांद्याची पात, कोबी, मुळ्याचा पाला, जे असेल ते चालतं. (पालक नको, पाणी सुटून गिच्च होते.)

दोन वाट्या चिरलेल्या भाजीला साधारण अर्धी वाटी बेसन. तेल जरा सढळ हाताने घ्या, इथे काटकसर केली की भाजी घशात अडकते! मोहरी, हिंग, लसूण, हळद अशी फोडणी. भाजी अर्धवट शिजली की तिखट-मीठ घालून बेसन वरून भुरभुरवा, लगेच ढवळू नका. झाकण ठेवून मंद आचेवर दोन वाफा काढा. पीठ कोरडं, पांढरट दिसलं तर पाण्याचा हबका मारायचा. खमंग वास सुटला की झाली. तळाची खरपूड आमच्याकडे भांडून खातात.