'घोस्टहाउस' (ला कासा ३) हा भयपट 'ईव्हिल डेड' या अमेरिकी भयपटाचा पुढचा भाग आहे का? बघण्यासारखा आहे का?

नाही, काडीचाही संबंध नाही. इटलीत 'ईव्हिल डेड' 'ला कासा' या नावाने चालला होता. त्या नावावर प्रेक्षक खेचायला इटालियन निर्माता जो दामातोच्या कंपनीने १९८८ मध्ये हा 'ला कासा ३' म्हणून काढला. दिग्दर्शक उंबेर्तो लेन्झी, पण श्रेयनामावलीत नाव हम्फ्री हम्बर्ट.

कल्पना मात्र झकास आहे. हॅम रेडिओवर (हौशी लोकांचा बिनतारी संच) एका तरुणाला मदतीची हाक आणि किंकाळी ऐकू येते, आणि हाक ज्याच्या आवाजात असते त्याने ती कधी दिलेलीच नसते! इथे खरंच अंगावर काटा येतो. पुढे मात्र सगळं ढेपाळतं. माणसं त्याच झपाटलेल्या घरात पुन्हा पुन्हा का शिरतात याला कारणच नाही, अभिनय लाकडी. विदूषकाची बाहुली घेतलेलं हेन्रिएटा या लहान मुलीचं भूत आणि त्याच्यासोबत वाजणारी ती किरटी धून, एवढंच लक्षात राहतं. धून तर दिवसभर डोक्यातून जात नाही.

घर ओळखीचं वाटेल. मॅसॅच्युसेट्समधलं हेच घर इटालियन दिग्दर्शक लुचियो फुल्चीने १९८१ च्या 'द हाउस बाय द सिमेट्री'मध्ये वापरलं होतं. एकच बघणार असाल तर फुल्चीचा बघा, त्यात तळघराची भीती शेवटपर्यंत टिकते.