डिलिरियम म्हणजे नक्की काय? डिमेन्शियाच (स्मृतिभ्रंश) का?

नाही, दोन्ही वेगळे. डिलिरियम म्हणजे अचानक आलेला बुद्धीचा गोंधळ. आपली जुनी माणसं 'वात झालाय' म्हणायची, ते बरंच जवळ जातं. मूळ लॅटिन: 'लिरा' म्हणजे नांगराचं तास, 'दे' म्हणजे त्यापासून दूर. तास सोडून भरकटलेला नांगर! किती नेमकं.

डिमेन्शिया वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. डिलिरियम काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो, कमी-जास्त होतो, रात्री बहुधा वाढतो. ठाण्यात नौपाड्याला राहणारी माझी आजी तापात अचानक आम्हाला ओळखेना. मध्यरात्री म्हणे, "तलावपाळीवर दादा थांबलाय, मला सोडा." आम्ही वयावर ढकललं, तिथेच चुकलो. लघवीत जंतुसंसर्ग होता, रक्तातलं सोडियमही उतरलं होतं. उपचारांनी चार दिवसांत भानावर आली. म्हणून असं झालं तर 'म्हातारचळ' म्हणून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. नेहमीच्या गोळ्यांची यादी सोबत न्या, कारण कधी कधी औषधांमुळेही हे होतं.

वापर: 'तिला डिलिरियम झालाय', विशेषण 'डिलिरियस'. इंग्रजीत आनंदाने बेभान झालेल्यालाही डिलिरियस म्हणतात, तिथे आजाराचा संबंध नाही.