एकाच रक्ताचे दोन आकडे

प्रश्न : ताई, माझी मुलगी बाळंतपणानंतर आमच्याकडे माहेरी आहे. सारखी थकते. हिमोग्लोबिन १२.१ आलं म्हणून आम्ही निर्धास्त होतो, पण डॉक्टरांनी फेरिटिन करायला सांगितलं. एका लॅबनं ११ दिलं. विश्वास बसेना, म्हणून आठवड्यानं दुसऱ्या लॅबमध्ये केलं तर ४६! मध्ये तिला ताप आणि घसा होता, एवढंच. लोहाच्या गोळ्या अजून सुरू केलेल्या नाहीत. खरं कोणतं धरायचं? पहिल्या लॅबला जाब विचारावा का?
— निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर

उत्तर : गुरुजी, जाब कुणालाच विचारू नका. ‘ताप आणि घसा होता, एवढंच’ असं म्हणून तुम्ही जे वाक्य उरकलंत, उत्तर त्यातच आहे.

फेरिटिन म्हणजे लोह साठवणारं प्रथिन. आपल्याकडे पूर्वी ज्वारी पेवात ठेवायचे, तसं शरीर लोह फेरिटिनच्या पोटात ठेवतं. एका रेणूत साडेचार हजारांपर्यंत लोहाचे अणू मावतात. हा साठा असतो पेशींमध्ये, मुख्यतः यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेत. रक्तात त्यातलं अगदी थोडं उतरतं, पण माणूस निरोगी असेल तर तेवढ्यावरून आतल्या साठ्याचा अंदाज चांगला येतो. हिमोग्लोबिन घसरतं ते पेव तळाला गेल्यावर. त्यामुळे १२.१ बघून निर्धास्त होण्यात अर्थ नव्हता. तुमच्या डॉक्टरांनी योग्य तेच सांगितलं.

गोम अशी की संसर्ग झाला, कुठे सूज आली की फेरिटिन आपसूक वाढतं. जंतूंनाही वाढायला लोह लागतं, म्हणून शरीर ते आत दडवायला लागतं. साठ्यात एक कणही न पडता रक्तातला आकडा चढतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये याचा हिशेब धरला आहे. निरोगी प्रौढ माणसाचं फेरिटिन १५ च्या खाली असेल तर लोहाची कमतरता समजायची, पण अंगात संसर्ग किंवा सूज असेल तर ७० च्या खाली असलं तरी कमतरतेचा संशय धरायचा. (लिटरला मायक्रोग्रॅम म्हणा किंवा मिलिलिटरला नॅनोग्रॅम, आकडा तोच.) या मापानं तुमच्या मुलीचे ११ आणि ४६ एकच गोष्ट सांगताहेत. लोह कमी आहे.

रक्त पुन्हा काढाल तेव्हा सोबत सीआरपी (अंगात सूज आहे का ते सांगणारी रक्तचाचणी) करून घ्या. ते वाढलेलं असेल तर फेरिटिनचा आकडा फुगलेला आहे असं समजायचं. ती पूर्ण बरी होऊन काही आठवडे गेले की पहिल्याच लॅबमध्ये परत करा. पहिल्याच लॅबमध्ये का, तर ताप नसता तरी दोन लॅबचे आकडे तंतोतंत जुळले नसते. प्रत्येक कंपनीच्या किटमधली अँटिबॉडी (फेरिटिन पकडणारं प्रथिन) वेगळी, ती फेरिटिनचा वेगळा भाग पकडते. मापाला आधार म्हणून जो आंतरराष्ट्रीय प्रमाण-नमुना असतो, तोही बदलत आला : पहिला यकृतातल्या फेरिटिनचा, दुसरा प्लीहेतल्या, तिसरा जनुकतंत्रानं बनवलेला. एका लॅबमधल्या दोन आकड्यांची तुलना करा. दोन लॅबच्या आकड्यांची करू नका. रिपोर्टवरची ‘नॉर्मल’ची पट्टीही त्या लॅबच्या पद्धतीपुरतीच असते.

गोळ्यांचं डॉक्टर ठरवतील. चहा मात्र जेवणाला लागून देऊ नका. आपली ज्वारीची भाकरीसुद्धा लोह शोषू देण्यात जरा कंजूषच आहे, म्हणून ताटात लिंबू असू द्या. भाकरी बंद करा असं मी सोलापुरात राहून म्हणणार नाही.

प्रश्न : मॅडम, आमच्या प्रोजेक्टमध्ये विडी कामगार बायकांचं फेरिटिन एलायझा किटनं (अँटिबॉडी आणि एन्झाइमच्या रंगावरून मोजायची पद्धत) मोजतोय. प्लेटच्या कडेच्या वेल्सचं (खळग्यांचं) रीडिंग मधल्यांपेक्षा जास्त येतंय, डुप्लिकेट (एकाच सॅम्पलची दोन रीडिंग्ज) जुळत नाहीत. शिवाय त्यातल्या एका बाईंना डेंग्यू झाला होता. त्यांचं सॅम्पल दहापट पातळ करून मोजलं आणि दहानं गुणलं, तर आकडा आधीपेक्षा कितीतरी मोठा आला! किट खराब आहे का? गाइड सर म्हणतात, हात खराब आहे.
— एम.एस्सी. विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : हात आणि किट दोन्ही राहू दे, आधी खोलीतला थर्मामीटर बघ. किटच्या कागदावर ‘रूम टेंपरेचर’ लिहिलेलं असतं ते साधारण १८ ते २५ अंशांचं. आपल्या एप्रिलची दुपार चाळिशी ओलांडते. फ्रिजमधून काढलेली गार प्लेट अशा खोलीत ठेवलीस की कडेच्या वेल्स आधी तापतात, मधल्या मागून. तापलेल्या वेलमध्ये अँटिबॉडी लवकर चिकटते, रंगही लवकर चढतो. त्यातून कोरडी हवा. कडेचं पाणी उडून द्रव घट्ट होतो. आणि कूलर असेल तर त्याचं तोंड टेबलाकडे असणार, हे मी न बघता सांगते!

तेव्हा सगळे रिएजंट आणि प्लेट आधी खोलीच्या तापमानाला येऊ दे. एसी नसेल तर इनक्युबेटर वापर, पण किट सांगेल त्याच तापमानाला. प्लेटवर चिकटपट्टी लाव, कूलरचं तोंड फिरव. काम सकाळी लवकर उरकता आलं तर उत्तम.

डुप्लिकेट न जुळण्याचं खापर मी धुण्यावर फोडेन. एलायझात वेलच्या तळाशी एक अँटिबॉडी चिकटवलेली असते, ती फेरिटिन धरते. वरून दुसरी येऊन बसते, तिच्या पाठीवर एन्झाइम. न बसलेली दुसरी अँटिबॉडी धुऊन जायलाच हवी, नाहीतर तीही रंग देते. धुऊन झालं की प्लेट पालथी करून टिश्यूवर ठणठणीत आपट. घाबरू नकोस, फुटत नाही. मग उजेडाकडे धरून बघ, एकाही तळाशी थेंब लटकलेला दिसता कामा नये. वॉश बफर डिस्टिल्ड पाण्यातच कर. नळाला उजनी धरणाचं पाणी काही दिवसांआड येतं म्हणून पिंपात भरून ठेवलेलं असतं, त्याला हात लावू नकोस. आणि बफर टिकावं म्हणून कुणी सोडियम अझाइड घातलं असेल तर ते फेकून दे. किटमधलं एन्झाइम एचआरपी असेल तर अझाइड त्याला मारतं.

टीएमबी (एन्झाइममुळे रंग धरणारं द्रव्य) घातल्यावर निळा चढताना बघायला मला आजही आवडतं. स्टँडर्डच्या (फेरिटिन किती आहे ते आधीच माहीत असलेल्या नमुन्यांच्या) ओळीत गडद ते फिकट अशी उतरंड दिसली की मशीनमध्ये घालण्याआधीच कळतं, आज काम नीट झालंय. मात्र बघत बसलीस तर वेळ चुकेल. ज्या क्रमानं टीएमबी घातलंस त्याच क्रमानं, त्याच वेगानं आम्ल घाल. निळ्याचा पिवळा होईल, मग ४५० नॅनोमीटरला वाच. सर्वांत गडद स्टँडर्डच्या वर गेलेलं रीडिंग आलेखाची रेघ वाढवून काढू नकोस, ते सॅम्पल पातळ करूनच मोजायचं.

त्यावरून आठवलं, डेंग्यूच्या सॅम्पलमध्ये तुझं काहीच चुकलेलं नाही. डेंग्यूत फेरिटिन हजारांत जाऊ शकतं. तुझ्या किटमध्ये सॅम्पल आणि एन्झाइमवाली अँटिबॉडी एकत्रच घालायची असेल, तर फेरिटिनची इतकी गर्दी होते की काही रेणू तळाला बसतात, काही एन्झाइमवालीला धरून वरच फिरतात. दोन्हींच्या मध्ये सापडणारे थोडेच. रंग कमी येतो, आकडा खोटा लहान दिसतो. याला हुक इफेक्ट म्हणतात. पातळ केलंस, गर्दी मोडली, खरा आकडा वर आला. आता शंभरपट पातळ करून बघ. दहापट आणि शंभरपटीचा गुणाकार जुळला की तो आकडा लिही. प्रोजेक्टच्या हिशेबात मात्र त्या बाईंना वेगळं ठेव. त्यांचं फेरिटिन तापाचं आहे, लोहाच्या साठ्याचं नाही.

गाइड सरांना हेही सांग की, नॅनोग्रॅममधलं प्रथिन मोजायला एकेकाळी किरणोत्सर्गी आयोडीन लागायचं. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी इन्सुलिनसाठी ती युक्ती काढली. यॅलोंना १९७७ मध्ये नोबेल मिळालं, बर्सन तोवर वारले होते. निरोगी माणसाच्या रक्तातलं फेरिटिन कार्डिफच्या संशोधकांनी १९७२ मध्ये मोजून दाखवलं, तेही किरणोत्सर्गी खूण लावूनच. किरणोत्सर्गाच्या जागी एन्झाइम वापरून स्टॉकहोममध्ये एंगवाल आणि पर्लमन यांनी एलायझा मांडली १९७१ मध्ये. म्हणून तू आज हे काम साध्या टेबलावर करू शकतेस.

प्रश्न : केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेते. लॅबवाल्यांनी रक्त देण्याआधी त्या थांबवायला सांगितल्या. व्हिटॅमिनच तर आहे, त्यानं काय होतंय?
— एक गृहिणी, अक्कलकोट

उत्तर : त्यांनी आठवणीनं सांगितलं, हे चांगलं केलं, बरेच लॅबवाले सांगत नाहीत. काही मशीनच्या पद्धतीत बायोटिनच अँटिबॉडीला पकडून ठेवायचं काम करतं. तुमच्या रक्तात ते भरपूर असेल तर मोजणी बिघडते. अशा मशीनवर टीएसएच, फेरिटिन खोटं कमी येऊ शकतं आणि फ्री टी-फोर खोटं जास्त (टीएसएच आणि टी-फोर या थायरॉइडच्या चाचण्या), म्हणजे थायरॉइड वाढलेला नसताना वाढल्यासारखा रिपोर्ट हातात पडतो. केसांच्या गोळ्यांत बायोटिन पाच-दहा मिलिग्रॅम असतं, रोजची गरज मायक्रोग्रॅममध्ये. रक्त देण्याआधी दोन दिवस गोळी घेऊ नका. फेरिटिन केलेलं नसेल तर या खेपेला तेही करून घ्या, केस लोहाअभावीही गळतात.