रेड बुलची दुसरी गाडी: वाचकांचे प्रश्न

२०२५चा फॉर्म्युला वन हंगाम संपल्यापासून सगळ्यात जास्त पत्रं एकाच विषयावर आली. रेड बुल संघात मॅक्स व्हर्स्टापेनच्या जोडीला येणारा प्रत्येक ड्रायव्हर मागे का पडतो आणि २०२६ मध्ये रेसिंग बुल्स या धाकट्या संघातून तिथे जाणाऱ्या इसाक हाजारचं काय होणार, हा तो विषय. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न (नाशिक): २०२५ मध्ये व्हर्स्टापेनला ४२१ गुण मिळाले. युकी त्सुनोदाला रेड बुलमधल्या २२ शर्यतींत फक्त ३०. गाडी एकच, मग एवढा फरक कसा? त्सुनोदा इतका कच्चा आहे का?

वेगातला फरक खरा आहे, पण गुणांवरून वाटतो तेवढा मोठा नाही. हंगेरीचं उदाहरण घ्या. क्वालिफाइंगच्या, म्हणजे शर्यतीत कोण कितव्या जागेवरून निघणार हे ठरवणाऱ्या सत्राच्या, पहिल्या टप्प्यात त्सुनोदा व्हर्स्टापेनच्या ०.१६३ सेकंद मागे होता. तेवढ्यानं तो सोळावा आला आणि बाहेर पडला. गेल्या हंगामात दोन दशांश सेकंदांत सात-आठ गाड्या सहज मावायच्या आणि गुण फक्त पहिल्या दहांना. पहिल्याला २५, दहाव्याला १, अकराव्याच्या हाती काहीच नाही. सोळाव्या जागेवरून निघालेली गाडी गर्दीत अडकते, टायर तापवून घेते आणि टायर बदलायला पिटमध्ये जायची वेळही दुसऱ्यांच्या सोयीनं ठरते.

आता हे दोन-तीन दशांश जातात कुठे? बहुतेक वळणात शिरताना. व्हर्स्टापेनला गाडीचं नाक तीक्ष्ण लागतं, स्टिअरिंग वळवल्याबरोबर पुढचे टायर चावले पाहिजेत. त्यासाठी हवेचा दाब पुढच्या चाकांकडे सरकवावा लागतो आणि तेवढी मागची पकड कमी होते. गाडी ताशी ३०० किलोमीटरनं आली, ब्रेक दाबला की वजन पुढे जातं, नाक खाली, शेपूट वर. त्याच वेळी मागच्या बाजूला फ्लोअरखालच्या (गाडीच्या तळाखालच्या) हवेची ओढ सैल पडते. मग ड्रायव्हर ब्रेक हळूहळू सोडत स्टिअरिंग वळवू लागतो. याच क्षणी मागची चाकं सुटायला बघतात. व्हर्स्टापेन त्या सुटण्याचाच उपयोग करून गाडी लवकर वळवून घेतो. दुसरा ड्रायव्हर शेपूट हललं की स्टिअरिंग उलटं देतो. मागच्या टायरचा पृष्ठभाग तापतो, वळणातून निघताना गॅस उशिरा मिळतो आणि पुढच्या लॅपला तो आपसूकच चार-पाच मीटर आधी ब्रेक लावतो. ब्रेक कमी तापले की पुढचे टायरही कमी तापतात आणि नाक वळेनासं होतं. आता त्याची तक्रार बरोबर उलटी, गाडी वळतच नाही! एकाच शनिवारी रेडिओवर दोन्ही तक्रारी ऐकू येतात त्या यामुळे.

व्हर्स्टापेनचा तेव्हाचा जोडीदार सर्जिओ पेरेझ, त्याचं २०२३ याच अंगानं बघा. पहिल्या चार शर्यतींत त्याने जेद्दा आणि बाकू जिंकल्या. मेमध्ये गाडीत सुधारणा यायला लागल्या, गाडी वेगवान झाली आणि तिचा तोल व्हर्स्टापेनच्या आवडीकडे सरकत गेला. मग हाच पेरेझ क्वालिफाइंगच्या शेवटच्या टप्प्यात पोहोचेनासा झाला. चार शर्यतींत दोन जिंकणारा माणूस महिन्याभरात गाडी चालवायला विसरत नाही.

त्सुनोदाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. इमोलाच्या क्वालिफाइंगमध्ये त्याने गाडी जोरात आपटली आणि त्यानंतर बरेच आठवडे तो जुन्या फ्लोअरवर धावला. नव्या घडणीचे सुटे भाग सुरुवातीला एक-दोनच तयार होतात आणि ते पहिल्या गाडीला जातात. बेल्जियममध्ये नवा फ्लोअर मिळाला, तर तो थेट सातवा क्वालिफाय झाला. तेव्हा त्याला ताडून बघायचं तर निदान तेवढी सूट द्यायला हवी.

प्रश्न (पुणे): दुसऱ्या ड्रायव्हरला सोईचं वेगळं सेटअप का देत नाहीत?

देतात. पुढच्या विंगचा कोन कमी करता येतो, पुढचा अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारा दांडा) कडक करता येतो, ब्रेकचा जोर पुढे सरकवता येतो आणि डिफरन्शिअल (मागच्या दोन चाकांत जोर वाटणारा भाग) वळणात शिरताना घट्ट ठेवता येतं. प्रत्येकानं शेपूट शांत होतं आणि प्रत्येकाची किंमत मोजावी लागते. विंग कमी केली तर वळणाच्या मध्यावर नाक बाहेर सरकतं. ब्रेकचा जोर पुढे नेला तर पुढचं चाक लॉक होऊन टायरला सपाट डाग पडतो. म्हणजे ड्रायव्हरला धीर येतो, पण गाडीचा वेग जातो.

तोल मुळात ठरतो फ्लोअर आणि विंगच्या आकारात, म्हणजे कारखान्यात. तिथे हात बांधलेले असतात. विंड टनेलच्या, म्हणजे मॉडेलवर वारा सोडून बघायच्या, चाचण्या आदल्या क्रमवारीवरून मोजून मिळतात. मूळ हिशेब दर आठ आठवड्यांना ३२० फेऱ्यांचा. विजेत्या संघाला त्याच्या ७० टक्के, म्हणजे २२४. तिसऱ्या आलेल्या रेड बुलला ८० टक्के, म्हणजे २५६. एवढ्यात एकच गाडी धड होते. दोन ड्रायव्हरांसाठी दोन स्वभावांच्या गाड्या घडवायचा विचार कोणी करत नाही, आणि जो जिंकून देतो त्याच्या बाजूनं गाडी झुकते. संघाचा यात दोष असलाच तर एवढाच की चार-पाच ड्रायव्हर बदलून झाले तरी हे धोरण बदललं नाही.

प्रश्न (नागपूर): झँडवूर्टच्या शर्यतीनंतर व्हर्स्टापेन १०४ गुणांनी मागे होता आणि शेवटी फक्त २ गुणांनी हरला. गाडी एकदम सुधारली कशी?

त्यापुढच्या मॉन्झाच्या शर्यतीला नवा फ्लोअर आला, पण नुसत्या फ्लोअरचं हे काम नाही. या पिढीच्या गाड्या जमिनीपासून किती उंच चालतात यावर सगळं अवलंबून होतं. पाच मिलिमीटर खाली आणा, पकड वाढते. पण खाली लाकडी फळी असते, १० मिलिमीटर जाड. शर्यतीनंतर ती ९ मिलिमीटरपेक्षा कमी भरली की गाडी बाद. लास व्हेगासला मॅक्लारेनच्या दोन्ही गाड्या याच कारणाने बाद झाल्या, लँडो नॉरिसचा दुसरा आणि ऑस्कर पियास्त्रीचा चौथा क्रमांक गेला.

रेड बुलचं दुखणं असं की टनेलमध्ये दिसणारी पकड ट्रॅकवर मिळत नव्हती. टनेलमध्ये जास्तीत जास्त ६० टक्के मापाचं मॉडेल असतं, वारा सेकंदाला ५० मीटर. खऱ्या गाडीचं उसळणं आणि दबलेल्या टायरचा आकार तिथे नीट उतरत नाही. म्हणून इंजिनिअर शुक्रवारी एका उंचीवर सुरुवात करायचे आणि शनिवारी दुसऱ्याच उंचीवर येऊन थांबायचे. जुलैत लोराँ मेकीस संघप्रमुख झाल्यावर सिम्युलेशनच्या आकड्यांइतकंच वजन ड्रायव्हरच्या बोलण्याला मिळू लागलं, गाडी पहिल्या सरावापासूनच नेमक्या उंचीच्या आसपास येऊ लागली. मॉन्झाला व्हर्स्टापेननं १ मिनिट १८.७९२ सेकंदांत पोल (शर्यतीत निघायची पहिली जागा) घेतली, सरासरी वेगात फॉर्म्युला वनमधला तो सर्वांत जलद लॅप. शर्यत १९ सेकंदांनी जिंकली.

प्रश्न (ठाणे): टीव्हीवर बघताना ड्रायव्हर हळू आहे की गाडी, हे कसं ओळखायचं?

आधी क्वालिफाइंगचा पहिला टप्पा धरा, कारण तिथे दोघेही असतात. पुढच्या टप्प्यात ट्रॅक आणखी वेगवान होतो, तिथल्या वेळेशी तुलना केली तर हिशेब चुकतो. पावसाची आणि पिवळ्या झेंड्याची सत्रं सोडून द्या. फरक लॅपच्या तीन भागांत, म्हणजे सेक्टरमध्ये, फोडून बघा. सरळ पट्ट्यांच्या सेक्टरमध्ये मागे असेल तर विंगचा कोन वेगळा आहे किंवा पुढच्या गाडीचा टो (तिच्या मागे मिळणारा हवेचा आडोसा) मिळालेला नाही. हळू वळणांच्या सेक्टरमध्ये मागे असेल तर बहुधा वर सांगितलेली ब्रेकिंगची गोष्ट. पहिलंच वळण वाईट जात असेल तर तयारीच्या लॅपमध्ये टायर तापलेले नाहीत.

शर्यतीत पिटनंतरचा पहिला लॅप वगळून सलग आठ-दहा लॅपची सरासरी काढा. २०२५ची गाडी लॅपला साधारण दीड ते पावणेदोन किलो इंधन जाळायची आणि १० किलोला अंदाजे ०.३ सेकंद धरतात. म्हणजे नुसत्या हलकेपणानं प्रत्येक लॅप ०.०५ सेकंदानं सुधारला पाहिजे. वेळ जागच्या जागी असेल तर टायर तेवढेच झिजताहेत. जोडीदारापेक्षा ही झीज जास्त दिसली तर समजा, ड्रायव्हर मागची चाकं घसरवतोय.

प्रश्न (सांगली): हाजार टिकेल का?

टिकण्याची शक्यता लॉसन-त्सुनोदापेक्षा बरी वाटते, आणि कारण त्याच्याइतकंच नियमांत आहे. लियम लॉसनला दोन शर्यतींत काढलं, पिएर गॅस्लीला २०१९ मध्ये बारा मिळाल्या. दोघांना पुढे गेलेल्या, व्हर्स्टापेनच्या हाताला बसलेल्या गाडीत शिरावं लागलं. २०२६ मध्ये सगळी गाडीच नवी आहे. फ्लोअर सपाटीकडे गेला, किमान वजन ७६८ किलो, रुंदी १० सेंटिमीटरनं कमी, आणि सरळ पट्ट्यांवर पुढची-मागची दोन्ही विंग उघडतात. जुन्या सवयी व्हर्स्टापेनलाही मोडाव्या लागतील.

धोका वेगळ्या जागी आहे. विजेची मोटर १२० वरून ३५० किलोवॅटची झाली आणि ती फक्त मागच्या चाकांना जोडलेली आहे. ब्रेक लावताना तीच बॅटरी भरते, म्हणजे मागची चाकं ओढून धरते. हा ओढा कमी-जास्त झाला की शेपूट पुन्हा सुटणार, फक्त यावेळी कारण हवेऐवजी सॉफ्टवेअर. त्यात रेड बुल प्रथमच स्वतःचं इंजिन आणतेय, फोर्डच्या साथीनं. बॅटरीत एका वेळी ४ मेगाज्यूल मावतात, पूर्ण जोरानं वापरली तर साडेअकरा सेकंदांत रिकामी. ती कुठे खर्च करायची हे जो लवकर शिकेल तो पुढे.

हाजारबद्दल हातात काय आहे? मेलबर्नला पहिल्याच शर्यतीत फॉर्मेशन लॅपमध्ये (शर्यत सुटण्याआधीच्या फेरीत) भिंतीवर गेला आणि तरी हंगामात ५१ गुण, झँडवूर्टला तिसरा क्रमांक. चूक विसरून पुढच्या शनिवारी पुन्हा तितकाच उशिरा ब्रेक लावतो, या जागेसाठी हा गुण मोलाचा. पहिल्या सहा शर्यतींत क्वालिफाइंगचा फरक ०.३ सेकंदांच्या आत राहिला तर तो हंगाम पुरा करेल असं आमचं मत. व्हर्स्टापेनला हरवणं ही कसोटी कोणीही लावू नये.

प्रश्न (मुंबई): रेड बुलच्या तरुण ड्रायव्हर घडवायच्या योजनेत आपला जेहान दारूवालाही होता ना? तो का पोहोचला नाही?

होता, २०२० ते २०२२. त्याआधी २०१९ मध्ये तो फॉर्म्युला थ्रीत तिसरा आला होता. फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकल्या, पण २०२१ आणि २०२२ दोन्ही वेळा क्रमवारीत सातवा. या योजनेत सातव्याला जागा मिळत नाही. पुढे तो फॉर्म्युला ईकडे गेला. फॉर्म्युला वनमध्ये धावायच्या परवान्याला, म्हणजे सुपर लायसन्सला, तीन हंगामांत ४० गुण लागतात. फॉर्म्युला टूच्या पहिल्या तिघांना ते एकाच वर्षात मिळतात, चौथ्याला ३०, पाचव्याला २०, सातव्याला फक्त ८.  २०२६ मध्ये रेसिंग बुल्समध्ये येणाऱ्या आर्विड लिंडब्लाडच्या आईचं मूळ भारतीय आहे, पण तो इंग्लंडमध्ये वाढला आणि तिथेच कार्टिंग शिकला.