युव्हिआयटिसवर पहिला अभ्यास करताय? आधी पेशी मोजायला शिका

धुळ्या-जळगावात बसूनही युव्हिआयटिसवर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या दाहावर, उत्तम प्रबंध होतो. फक्त सुरुवातीलाच सायटोकाइनच्या (दाहाचे संदेश नेणाऱ्या प्रथिनांच्या) मागे लागू नका, ते नंतर.

पहिलं काम स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर. खोलीत पूर्ण अंधार, झोत तिरका, १ बाय १ मिलिमीटर, प्रकाश पूर्ण. कवडशात धूळ तरंगावी तशा डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातल्या द्रवात दाहाच्या पेशी दिसतात. मोजा: १ ते ५ म्हणजे ०.५+, ६ ते १५ म्हणजे १+, १६ ते २५ म्हणजे २+, २६ ते ५० म्हणजे ३+, त्यापुढे ४+. ही २००५ची एसयूएन प्रतवारी, युव्हिआयटिसच्या नोंदी सगळीकडे सारख्या व्हाव्यात म्हणून ठरवलेली. बाहुली मोठी करायचे थेंब घालण्याआधीच मोजा. नंतर आयरिसमधले (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यातले) रंगकण सुटतात आणि आकडा फुगतो.

नवख्यांच्या चुका ठरलेल्या:
- क्षयरोग, सिफिलिस न तपासताच ‘ऑटोइम्यून’चा (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटल्याचा) शिक्का. निदान चुकलं तर स्टिरॉइडने संसर्ग भडकतो.
- एकाच रुग्णाचे दोन डोळे दोन स्वतंत्र नोंदी धरणं.
- एथिक्स कमिटीच्या मंजुरीआधी माहिती गोळा करणं.

आणि पाठपुरावा! यावल-रावेरचा माणूस केळी कापणीत, शहाद्याचा कापूस वेचणीत अडकला की येत नाही. लाली गेली की स्टिरॉइडचे थेंब अचानक बंद करतो आणि दाह उलटतो. म्हणून पहिल्याच दिवशी घरातल्या आणखी एकाचा फोन नंबर घ्या. “डोया दुखस का?” असं अहिराणीत विचारलंत तर माणूस मोकळा बोलतो, किती दिवस थेंब चुकले तेही सांगतो.