लहान शहराच्या वाढीला झोनिंग आणि डिझाइनच्या नियमांनी वळण लावता येतं का? सुरुवात कुठून करावी?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: शहर लहान आहे, बाहेरून जाणाऱ्या मोठ्या रस्त्यालगत बांधकामं वाढताहेत, जुनी बाजारपेठ ओस पडतेय, तुम्ही नियमावलीच्या समितीवर आहात, आणि एका मोठ्या शहराची जाडजूड नियमावली नाव बदलून स्वीकारावी असा प्रस्ताव समोर आलाय. तो प्रस्ताव मागे ठेवा, हे सगळ्यात आधी सांगतो. बाकीचं नंतर.

मी बरीच वर्षं नगररचनेच्या कामात आहे. अशा नियमावल्या लिहिल्यात, दुरुस्त केल्यात आणि त्यातल्या काहींचे परिणाम रस्त्यावर उभं राहून पाहिलेत. त्यावरून सांगतो की वळण लागतं. फक्त झोनिंग, म्हणजे शहराचे विभाग पाडून कुठे काय बांधता येईल हे ठरवणं, ही चाळण आहे हे विसरू नका. काय येऊ द्यायचं नाही एवढंच ती ठरवते. नकाशावर जांभळा रंग भरून त्यावर 'औद्योगिक' लिहिलं म्हणून कारखाना येत नाही.

सुरुवात टेपने करा. शहरातला असा एक रस्ता निवडा जिथे लोकांना संध्याकाळी पायी फिरायला आवडतं. तिथे मोजा: रस्ता किती रुंद, प्लॉटची दर्शनी रुंदी किती, इमारतीची भिंत रस्त्यापासून किती आत, मजले किती, तळमजल्याची उंची किती, एका दारापासून दुसरं दार किती अंतरावर. हे आकडे घेऊन बसा आणि समोर आलेल्या मसुद्यात तो रस्ता आज नव्याने बांधता येईल का ते तपासा. बहुतेक वेळा येत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या सॉमरव्हिल या साधारण 80,000 वस्तीच्या शहरात नगररचनाकारांनी हाच हिशोब मांडला, तेव्हा शहराच्या स्वतःच्या झोनिंगमध्ये पूर्णपणे बसणाऱ्या निवासी इमारती निघाल्या अवघ्या 22. म्हणजे लोक ज्या शहरावर प्रेम करत होते ते जवळजवळ सगळंच कागदावर बेकायदा होतं. पुढे 2019 मध्ये त्यांनी नियमावली नव्याने मंजूर केली.

असं का होतं? कारण हे नियम वेगळ्याच भीतीतून जन्मले. 1915 मध्ये न्यूयॉर्कमध्ये इक्विटेबल बिल्डिंग उभी राहिली, सरळसोट, 38 मजली, आणि आजूबाजूच्यांचं ऊन गेलं. पुढच्याच वर्षी, 1916 मध्ये, तिथे शहरभराचं झोनिंग आलं. 1926 मध्ये क्लीव्हलँडजवळच्या युक्लिड या गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने झोनिंग वैध ठरवलं, आणि त्या निकालात एकेकट्या घरांच्या वस्तीत उभ्या राहणाऱ्या अपार्टमेंटला चक्क बांडगुळाची उपमा दिली. निवास एकीकडे, व्यापार दुसरीकडे, उद्योग तिसरीकडे, हा साचा तिथून पसरला. गगनचुंबी इमारती आणि धुराडी हे ज्यांचे प्रश्न होते त्यांनी काढलेलं औषध तीन मजल्यांच्या शहराने का घ्यावं, हे मला कधी कळलेलं नाही.

म्हणून वापराचे विभाग थोडे ठेवा आणि ढोबळ ठेवा. जपानमध्ये झोनिंगचे प्रकार देशभर एकच आहेत, मोजून 13. त्यातल्या सगळ्यात कडक निवासी विभागातही घराला जोडून 50 चौरस मीटरपर्यंतचं छोटं दुकान चालतं. वेगळं ठेवायला हवं ते आवाज, धूर, वास, स्फोटक माल आणि अवजड ट्रक. तिथे धंद्यांच्या नावांची यादी करत बसू नका. यादी पाच वर्षांत जुनी होते आणि यादीत नसलेला प्रत्येक नवा धंदा परवानगीसाठी खेटे घालत राहतो. आवाज किती डेसिबल, ट्रक किती वाजेपर्यंत, जागा किती, एवढं लिहिलं की पुरतं.

आता माझी एक चूक सांगतो. एका गावासाठी नियम लिहिताना मी मुख्य रस्त्यावर पुढचं सामासिक अंतर, म्हणजे इमारतीपुढे मोकळी सोडायची जागा, किमान साडेचार मीटर ठेवलं. डोक्यात होती झाडं, कट्टे, मोकळी हवा. दहा वर्षांनी गेलो तर प्रत्येक इमारतीपुढे कुंपणाची भिंत, भिंतीआड गाड्या, आणि पायी जाणारा माणूस भिंत आणि वाहनं यांच्या सांदीत. नियम सगळ्यांनी तंतोतंत पाळला होता! चूक 'किमान' या शब्दात होती. आत किती सरका हे मी सांगितलं, पण इमारत नेमकी कुठे उभी राहावी हे सांगितलंच नाही. आता मी बाजाराच्या रस्त्यावर बांधकाम रेषा घालतो: दर्शनी भिंतीचा बहुतांश भाग या रेषेवरच हवा, आणि गाड्या मागे किंवा बाजूला. चांगल्या जुन्या रस्त्याचं गुपित बहुतेक वेळा या एका रेषेत असतं. नक्षी आणि कमानी नंतरच्या.

पार्किंगकडे तर हिशोबवही उघडूनच बघा. समजा नियम आहे की खानावळीला दर 10 चौरस मीटरला एक गाडीची जागा. 200 चौरस मीटरच्या खानावळीला 20 जागा लागल्या. गाडीची चौकट साडेबारा चौरस मीटरची असली तरी वळायची वाट धरून प्रत्येकी 25 ते 30 जातात. म्हणजे 500 ते 600 चौरस मीटर, खानावळीच्या अडीच-तीन पट. जुन्या पेठेतल्या अरुंद प्लॉटवर हे शक्यच नाही. मग तिथल्या दुकानाची खानावळ होत नाही, वरच्या मजल्यावर भाडेकरू येत नाही, आणि सगळे मोठ्या रस्त्याकडे पळतात. तुमच्या बाजारपेठेच्या ओसाडीचं एक कारण इथे सापडण्याची बरीच शक्यता आहे. आधी हे कलम काढून बघा. अमेरिकेतल्या बफेलो शहराने 2017 मध्ये किमान पार्किंगची सक्ती शहरभर उठवली. म्हणून तिथे कोणी पार्किंग बांधायचं थांबलं नाही. ज्याला हवं तो बांधतो, सक्ती नाही एवढंच.

डिझाइनच्या नियमांबद्दल माझं मत जरा कडक आहे. 'परिसराच्या स्वभावाला साजेशी दर्शनी बाजू' असलं वाक्य मसुद्यात दिसलं की लाल पेन घ्या. साजेशी म्हणजे काय हे शेवटी टेबलापलीकडचा माणूस ठरवतो, आणि मग ज्याची ओळख त्याची इमारत साजेशी. जे टेपने मोजता येतं तेच लिहा: रस्त्याकडच्या तळमजल्याच्या भिंतीत खिडक्या-दारं किती टक्के, सलग बंद भिंत जास्तीत जास्त किती मीटर, तळमजल्याची उंची किमान किती, मुख्य दार रस्त्याकडे आहे की नाही. चार-पाच कलमांत काम होतं. फ्लोरिडातलं सीसाइड हे गाव 1981 पासून वसत गेलं. त्याची बांधकाम नियमावली एका मोठ्या कागदावर मावत होती. त्यात एक गमतीदार कलमही होतं, एका रस्त्यावर दोन घरांची कुंपणं सारखी नकोत. तसलं तुम्ही घालू नका, पण एका कागदाची शिस्त जरूर उचला.

शैलीची सक्ती? न्यू मेक्सिकोतल्या सांता फेने 1957 मध्ये ती केली, मातीच्या घरांची परंपरा जपायला. शहराला स्वतःचा चेहरा राहिला हे खरं, पण मातीच्या रंगाचा गिलावा आणि आत नेहमीचीच चौकट अशाही इमारती त्यातून आल्या. तिथे निदान जपण्यासारखी एक ठळक परंपरा होती. ती नसेल तर शैलीच्या वाटेला जाऊ नका.

आणि आता जे मी खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं. झोनिंगच्या आधी रस्ते आखा. इमारत पन्नास वर्षांत पाडून पुन्हा बांधली जाते, रस्त्याची रेषा मात्र शतकं टिकते. मॅनहॅटनची चौकट 1811 ची. बार्सिलोनाचा विस्तार सेर्दा या अभियंत्याने 1859 च्या आराखड्यात मांडला. दोन्हीकडे इमारती, वापर, उंची सगळं बदललं. आखणी जागेवर आहे. लहान शहरात होतं काय, की शेत विकलं जातं, मालक आपल्यापुरता लेआउट करतो, एक तोंड मोठ्या रस्त्याला आणि दुसरं टोक बंद. असे दहा लेआउट झाले की शेजारच्या वस्तीतल्या शाळेत जायलाही मोठ्या रस्त्यावरून वळसा. मग गाडी लागते, मग कोंडी, मग रुंदीकरण. यावर कोणतंही डिझाइनचं कलम चालत नाही. येत्या तीसेक वर्षांत वाढेल एवढ्या जमिनीवर मुख्य आणि उपरस्त्यांच्या रेषा आत्ताच नकाशावर टाका, जोडणी सक्तीची करा, आणि गट, म्हणजे चारी बाजूंनी रस्ते असलेला इमारतींचा चौक, किती लांब असू शकतो याची मर्यादा घाला. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या मध्यभागातले गट 200 फुटांचे, म्हणजे सुमारे 61 मीटर. बार्सिलोनातले सुमारे 113. यांच्या दरम्यान कुठेही राहिलात तरी पायी चालणाऱ्याला जड जात नाही. जमीन आज घ्यायची नाही, फक्त तिथे बांधू द्यायचं नाही. अर्थात मोबदल्याचा कायदा काय म्हणतो ते वकिलाकडून आधी समजून घ्या. बहुतेक आराखडे तिथेच अडकतात.

वाढच रोखावी असा सूर समितीत निघेलच. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमाने 1972 मध्ये वर्षाला सुमारे 500 घरांची मर्यादा घातली आणि 1975 मध्ये ती अपिलात टिकलीही. कोलोरॅडोतल्या बोल्डरने 1971 मध्ये उंची 55 फुटांवर थांबवली. कायद्याने हे जमतं. पण नोकऱ्या शहरात आणि घरं नाहीत असं झालं की माणसं पलीकडच्या गावात राहतात आणि रोज गाडीने येतात. उलट्या बाजूचं उदाहरण ह्यूस्टनचं. झोनिंग नसलेलं शहर म्हणून ते प्रसिद्ध, पण किमान प्लॉटचा, म्हणजे एका घराला प्लॉट कमीत कमी किती मोठा हवा याचा, नियम तिथेही होता. 1998 मध्ये मध्यभागात तो 5,000 चौरस फुटांवरून 1,400 वर आणला आणि एका घराच्या जागी तीन-तीन घरं उभी राहू लागली. किमान प्लॉट हा आकडा कलमांच्या गर्दीत लपलेला असतो. त्यावर बोट ठेवा.

अंमलबजावणीसाठी तुमच्याकडे माणसं किती? लहान पालिकेत एक अभियंता आणि एक आरेखक असतील तर नियमही त्यांच्याच्याने तपासून होतील इतकेच हवेत. दरवर्षी कोणत्या कलमाला किती वेळा सवलत दिली याची नोंद ठेवायला सांगा. एकाच कलमाला दहादा सवलत दिली असेल तर दहा अर्जदार लबाड नाहीत, कलम चुकलंय.

शेवटी तुम्ही विचारलं होतं की मसुदा आधी कुणाला दाखवावा. बिल्डरांची कामं करणाऱ्या एखाद्या हुशार, थोड्या बिलंदर आरेखकाला गाठा. त्याला कोपऱ्यावरचा एक प्लॉट द्या आणि सांगा, या नियमांत बसणारी सगळ्यात वाईट इमारत काढून दाखव. मी हे तीनदा केलंय. तिन्ही वेळा ते चित्र पाहून त्याच आठवड्यात मसुदा बदलावा लागला. सुनावणीला जाताना ते चित्र मोठं छापून घेऊन जा.